रिकामी सुतळी

विनीच्या हातातली सुतळी ताठ झाली तेव्हा ती आनंदानं किंचाळली, "आजोबा, केवढा मोठा खेकडा!"

खेकडा नव्हता. लाकडी पुलाच्या कठड्याखाली पाणी फुगलं, एक रुंद काळपट तोंड वर आलं आणि आमिषाला बांधलेल्या कोंबडीच्या मानेसकट हातभर सुतळी घेऊन खाली गेलं. सुतळीचं दुसरं टोक पोरीनं मनगटाला गुंडाळून घेतलं होतं. मी मागे सँडविचचा डबा धरून उभी होते. डबा गेला पाण्यात. मी विनीला कमरेला धरलं आणि पाय कठड्याला टेकवून मागे रेटा दिला. नशीब, सुतळी जुनी होती. ती तुटली आणि आम्ही दोघी फळ्यांवर आपटलो. पाच वर्षांच्या पोरीच्या मनगटावर लाल वळ उठला होता.

आणि माझा भाऊ हॉलिस हसत होता! "मिस ओपलनं आपला वाटा घेतला," तो म्हणाला आणि हातातली पळी बादलीच्या बुडावर वाजवली. कठड्याला लागून उभी असलेली बाकीची पोरं हसली, त्यांचे आईबाप हसले, आणि आजोबा हसतात म्हटल्यावर विनीही रडायचं विसरून हसायला लागली.

मी हसले नाही. मी जन्मभर शाळेची बस चालवली आहे. मागच्या बाकांवरचं कुठलं हसणं खरं आणि कुठलं घाबरलेलं, हे मला मान न वळवता कळायचं. त्या सकाळी पुलावरची सगळी मोठी माणसं घाबरून हसत होती आणि एकालाही ते कबूल करायचं नव्हतं.

हॉलिस माझ्याहून चार वर्षांनी मोठा. खेकड्यांचा शनिवार हे त्याचं राज्य. उन्हाळा लागला की दर शनिवारी सकाळी तो तळ्यावरच्या पुलावर पत्र्याची बादली उपडी घालतो, आमच्या आईच्या जुन्या पळीनं तिच्या बुडावर ताल धरतो, आणि वसाहतीतली झाडून सगळी पोरं धावत येतात. प्रत्येकाला एक सुतळी, सुतळीला कोंबडीची मान, आणि ती बुडावी म्हणून शिशाचा गोळा. खेकडा मान धरतो, सुतळी हळूहळू वर ओढायची, खालून हातजाळी घालायची. भरतीला खाडीचं पाणी तळ्यात शिरतं, त्याबरोबर खेकडेही आत येतात. हॉलिसचं म्हणणं, ते त्या तालावर येतात. खेकड्यांचं मला माहीत नाही. पोरं येतात, आणि मिस ओपल येते.

मिस ओपल म्हणजे आमच्या तळ्यातली मगर. आमच्या या किनाऱ्यावर प्रत्येक तळ्यात एखादी असतेच, आणि त्याचं कुणी फारसं कौतुकही करत नाही. काठाला लागून चालायचं नाही, कुत्रं दोरीला बांधून न्यायचं, उन्हं कलली की पाण्याजवळ बसायचं नाही. ती तिच्या वाटेनं, आपण आपल्या. नाव ठेवायची मात्र आम्हाला खोड. ओपलचं नाव हॉलिसच्या बायकोनं, लॉरेननं, ठेवलं होतं. लॉरेन गेली आणि हॉलिसकडे शनिवार आणि ती मगर एवढंच उरलं. हे मला ठाऊक होतं. तरी त्या दुपारी विनीच्या मनगटाला बर्फ लावताना मी मनाशी ठरवलं की पुलावरचा शनिवार बंद करायचा, आणि ओपललाही मरू द्यायचं नाही.

ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड होती. माणसाकडे यायला शिकलेली मगर आमच्याकडे दुसरीकडे नेऊन सोडत नाहीत. ती पोहत परत येते, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या अंगणात तेच करते. तिला मारतात.

त्याच आठवड्यात रहिवाशांची बैठक झाली. कुणीतरी विनीची गोष्ट सांगितली आणि एकच गलका झाला.

"पकडा आणि न्या तिला," मिसेस क्लिंगर म्हणाल्या. या बाई उत्तरेतून, ओहायोहून आलेल्या, जिथं मगरी नसतात, रहिवासी समितीच्या अध्यक्ष, आणि प्रत्येक वाक्य नोटीस लावल्यासारखं बोलणाऱ्या. "मी झाडांना पाणी घालायला बादली उचलली की ती तळ्यातून डोकं वर काढते. माझ्याच अंगणात मी चोरासारखी वावरते."

हॉलिस खुर्चीत मागे रेलला. "बदकांना पाव घालताना मजा वाटते, त्या पावामुळंच मगर काठाला येते! मगर फक्त पर्सच्या रूपात बघितलेली माणसं तुम्ही. इथं आलात, पाव टाकलात, आता रडताय."

"मी आयुष्यात एकाही बदकाला पाव घातलेला नाही!"

"मग तुमच्या शेजाऱ्यानं घातला असेल."

"माझा शेजारी तुम्ही आहात, मिस्टर रेम्बर्ट."

सगळे खो-खो हसले. मी मात्र बादलीच्या गोष्टीपाशीच अडकले होते. बाईंनी बादली उचलली की मगर डोकं काढते. पत्र्याच्या बादलीची कडी वाजते, म्हणून.

मी उभी राहिले. "पावाचा काही संबंध नाही. तिला बादली कळते. हॉलिस, ती तुझ्याकडे जेवायला येते."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "एटा, तू कुणाच्या बाजूची?"

"मी विनीच्या बाजूची."

"आपल्या वडिलांनी आपल्याला असेच खेकडे धरायला शिकवले. तेव्हा कुणाला मगरीनं ओढलं नाही. या लोकांचं सोड, तू तरी..."

"शनिवारी सगळे पुलावर या," मी त्याचं बोलणं तोडत म्हणाले. "पोरांना घरी ठेवा. सुतळी मी सोडणार आहे, मान न बांधता."

शनिवारी निम्मी वसाहत लोटली. टोबायसही आला होता. वसाहतीनं प्राण्यांवर लक्ष ठेवायला नेमलेला हा माणूस. सहा फूट उंच, कॉलेजात मगरींचाच अभ्यास केलेला, पण बोलायला त्याला पैसे पडतात की काय कोण जाणे. ओपल पलीकडच्या काठाला ओकच्या सावलीत पडली होती. तिच्या पाठीवर एक बगळा बसेल इतकी निश्चल.

मी सुतळीला नुसता शिशाचा गोळा बांधला. सगळ्यांना दाखवला. मग बादली उपडी घातली आणि पळीनं ताल धरला.

ओपल काठावरून अशी सरकली की पाणीसुद्धा वाजलं नाही. मग पाण्यावर एक रेघ निघाली. ती ना डावीकडे वळली ना उजवीकडे, सरळ आमच्या पायांखाली येऊन थांबली. मी सुतळी सोडली. शिसं पाण्याला लागायच्या आत तिनं तोंड उघडलं आणि ते उघडं धरून ती वर बघत राहिली, जेवायच्या वेळी ताटलीपाशी बसलेल्या कुत्र्यासारखी.

मिसेस क्लिंगरनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तो निळा पडला. मी हॉलिसकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"मिस एटा," टोबायस शेवटी म्हणाला, "हे मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. आता मला वर, सरकारी खात्याला, कळवावं लागेल."

"कळव की. पण कळवताना दुसरा एखादा मार्गही सांग. शिकला आहेस ना एवढा?"

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "एक मार्ग आहे. खात्री देत नाही. जे शिकवलंय ते मोडायचं. त्याच आवाजावर बोलवायचं, आली की फास टाकून पकडायचं, तोंड बांधायचं, शेपटीला बिल्ला मारायचा आणि सोडून द्यायचं. तिच्या मनात बसलं पाहिजे की हा आवाज म्हणजे वाईट. त्यानंतर या तळ्यात उन्हाळाभर कुणाच्याही हातून एक कणही पडता कामा नये. थंडीनं ती सुस्तावायच्या आधी परीक्षा घ्यायची. आली नाही, तर राहील. आली तर..."

"तर?"

"तर दुसरी संधी नाही. लगेचच्या सोमवारी खात्याची माणसं येतील आणि तिला घेऊन जातील. मी थांबवू शकणार नाही."

"चालेल," मी म्हणाले. चालणार नव्हतं, पण दुसरं होतं काय हातात?

"अजून एक," टोबायस म्हणाला. "तुमच्या हातावर ती आली, पण तिला पाठ आहे तो मिस्टर हॉलिसचा हात. मोडायचं तर तोच मोडावा लागेल. पळी त्यांनीच धरली पाहिजे."

सगळे हॉलिसकडे वळले. त्यानं माझ्या हातातून पळी काढून घेतली, खिशात घातली आणि पूल उतरून घरी निघून गेला.

मी त्याला दोन दिवस दिले. मग कलिंगड घेऊन त्याच्या ओसरीवर गेले. तो झुलत्या खुर्चीत बसला होता. खुर्ची झुलत नव्हती.

"कलिंगड ठेव आणि जा," तो म्हणाला.

"कापायला सुरी आण."

"एटा, मला जमणार नाही. ती माझ्या आवाजावर येते. माझ्यावर विश्वास ठेवून येते. लॉरेन आजारी होती तेव्हा संध्याकाळी आम्ही इथं बसायचो, आणि ती तिथं समोर तळ्यात येऊन थांबायची. लॉरेन म्हणायची, बघ, मिस ओपल तब्येत विचारायला आली. आणि आता तिला हाक मारून मी फासात देऊ? मी तिला फसवू?"

"तू तिला दर शनिवारी फसवतोस, हॉलिस. तिला वाटतं माणूस म्हणजे जेवण. एक दिवस ती हे एखाद्या पोराच्या हातावर खरं करून दाखवेल. मग पोरही जाईल आणि तीही जाईल."

"वडिलांनी आपल्याला..."

"वडिलांनी आपल्याला खाडीवर शिकवलं!" माझा आवाज चढला. "खाडीच्या धक्क्यावर, खाऱ्या पाण्यात, चिखलात घोट्यापर्यंत उभं राहून. हे तळं तेव्हा होतंच कुठं? घरं बांधली तेव्हा ते खणलं. तू इथं आलास तो सावलीसाठी, कठड्यासाठी आणि तुझ्या गुडघ्यांसाठी. वडिलांचं नाव पुढे करू नकोस. त्यांनी तुला या पुलावर बघितलं असतं तर ती पळी तुझ्या पाठीत घातली असती."

तो उठला. मला वाटलं, आता हाकलणार. तो आत गेला आणि स्वयंपाकघरातून ओरडला, "खाडीवर चिलटं चावतात!"

"मला माहीत आहे चावतात."

"आणि ओहोटीला तिथं घाण वास येतो."

"तुझ्या गाडीला येतो त्यापेक्षा बरा."

तो सुरी घेऊन बाहेर आला. आम्ही कलिंगड खाल्लं, बिया कठड्यावरून गवतात थुंकल्या, लहानपणी थुंकायचो तशा. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मला त्याचा राग आला होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. आमच्या घराण्यात दुसऱ्या गोष्टीची पद्धत नाही, म्हणून मी साली गोळा केल्या आणि निघाले.

ठरल्या सकाळी टोबायस आणि त्याचे दोन सहकारी पुलाखालच्या काठावर दोर आणि लांब काठ्या घेऊन दबा धरून बसले. हॉलिसचा पत्ता नव्हता. मी बादलीपाशी उभी राहून मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते, आणि तो आला. स्वच्छ दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. चर्चला जावं तसा आला होता.

"मिस्टर हॉलिस," टोबायस खालून म्हणाला, "एक गोष्ट नीट ऐका. ती फासात अडकल्यावर थांबायचं नाही. आम्ही तिला सोडेपर्यंत वाजवत राहायचं. तो आवाज त्या झटापटीला चिकटला पाहिजे. मध्येच थांबलात तर सगळं फुकट."

हॉलिसनं मान हलवली आणि पळी उचलली.

ती आली. नेहमीसारखी, सरळ रेघेत. कठड्याखाली येऊन तिनं तोंड वर केलं आणि काठीच्या टोकाचा फास तिच्या गळ्यात पडला. त्यानंतर जे झालं ते मी याआधी लांबूनही पाहिलं नव्हतं. ती पाण्यात स्वतःभोवती गरागरा फिरायला लागली. पोट पांढरं, पाठ काळी, पुन्हा पोट, पुन्हा पाठ. शेपटीचा तडाखा पुलाच्या खांबाला बसला तेव्हा माझ्या पायाखालच्या फळ्या हलल्या. ती फुत्कारत होती, तिघं जण दोर धरून मागे रेलले होते, आणि वरती माझा भाऊ ताल धरून होता. तोच शनिवारचा ताल. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हनुवटीवरून बादलीवर पडत होतं. एकदा त्याचा हात अडखळला.

"वाजव!" मी ओरडले. "हॉलिस, वाजव!"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते विसरणार नाही. पण हात पुन्हा चालू झाला.

त्यांनी तिला काठावर ओढलं, तोंडाला पट्टी गुंडाळली, शेपटीला पिवळा बिल्ला ठोकला. मग पट्टी सोडली आणि सगळे मागे पळाले. ओपल पाण्यात शिरली ती थेट पलीकडे जाऊन वेतांच्या गचपणात दिसेनाशी झाली. तेव्हा कुठं टोबायसनं हात वर केला आणि बादली थांबली. हॉलिसनं पळी माझ्या हातात दिली.

"ही तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "मला नको."

मी कंबर कसली. वसाहतीच्या छोट्या बॅटरीच्या गाडीतून मी सकाळ-संध्याकाळ तळ्याला फेरी घालायला लागले. लोकांनी माझं नाव 'तळ्याची हवालदारीण' ठेवलं. मला काय, बसमध्ये याहून वाईट नावं ऐकली होती. एक गृहस्थ काठावर मासे साफ करून डोकी पाण्यात भिरकावत होते. मी म्हटलं, "डोकी घरी न्या, नाहीतर तुमचं इथं ठेवून जा." एका बाईंचं इवलंसं कुत्रं दोरीशिवाय काठावर हुंदडत होतं. "मिस एटा, तो लांब जात नाही हो." "लांब नाही, बाई, तो खोल जाईल." त्या दिवसापासून कुत्रं दोरीवर. मिसेस क्लिंगरनी पत्र्याची बादली टाकून प्लास्टिकची आणली. इतकंच नाही, त्यांनी सगळ्या वसाहतीत फिरून पत्र्याच्या बादल्या गोळा केल्या. हे त्यांनी कुणाला न विचारता केलं, आणि त्यावरून पुन्हा गलका झाला, पण त्या बाईंबद्दल माझं मत बदललं ते बदललंच.

खाडीवरचा पहिला शनिवार फसला. धक्क्यावर सावली नाही. चिलटांनी पोरांची तोंडं फोडून काढली. भरती कधी, ओहोटी कधी, हे हॉलिस विसरला होता, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा समोर नुसता चिखल. चार पोरं आली होती, त्यातली दोन रडत परत गेली. हॉलिस एका खांबाला टेकून बसला, गुडघे चोळत. मी मुद्दाम काही बोलले नाही. मग विनी चिखलात पडली, गळ्यापर्यंत माखली, आणि उठल्यावर म्हणाली, "पुन्हा!" हॉलिसच्या तोंडावर फासाच्या त्या सकाळनंतरचं पहिलं हसू दिसलं. पुढच्या शनिवारी त्यानं भरतीची वेळ बघून ठेवली होती, आणि पोरं दुप्पट आली होती.

मधल्या काळात टोबायसनं हॉलिसला आणखी एकदा पुलावर बोलावलं. हॉलिस गेला, पण पळी घेऊन मला जावं लागलं. ओपल निघाली. पण अर्ध्या तळ्यात येऊन ती थांबली. न पुढे, न मागे. टोबायसनं तिच्या जवळ पाण्यावर जोरात काठी आपटली तेव्हा ती वळली. "हे वाईट नाही," तो म्हणाला. "चांगलं आहे असं मात्र मी लिहिणार नाही."

म्हणजे अर्धं काम झालं होतं, आणि अर्ध्या कामावर मगर जगत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला लाज कसली?

परीक्षेच्या सकाळी हवेत पहिला गारवा होता, पण पाणी अजून कोमट होतं. टोबायसबरोबर सरकारी खात्याची एक बाई आली होती. पुलावर हॉलिस, मी, ती बाई आणि टोबायस. बाकीची माणसं काठापासून लांब, रस्त्यावर. विनी आपल्या आईचा हात धरून तिथंच उभी होती. तिला आणू नका म्हणून मी सांगितलं होतं. "माझी मगर आहे," असं म्हणून ती आली होती.

ओपल ओकखाली पडली होती. शेपटीवरचा पिवळा बिल्ला इथून दिसत होता.

हॉलिसनं शिसं बांधलेली रिकामी सुतळी कठड्यावर ठेवली. बादली उपडी घातली. मी पळी दिली. त्यानं ती हातात फिरवली आणि बादलीवर हलकेच टेकवली. इतकी हळू की मलाही जेमतेम ऐकू आली. टक. टक.

त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं. आवाज गेलाच नाही तर ती येणार नाही. ती आली नाही तर वाचेल. खात्याच्या बाईंनी कदाचित खपवूनही घेतलं असतं. टोबायसनं तर तोंड दुसरीकडेच वळवलं होतं. मलाही क्षणभर वाटलं, असू दे.

पण रस्त्यावर विनी उभी होती. मनगटावरचा वळ कधीच गेला होता, मला तो अजून दिसत होता.

"जोरात, हॉलिस," मी म्हणाले. "नेहमीसारखं."

"एटा..."

"ती आली तर ती आजच यायला हवी. पुढच्या उन्हाळ्यात, कुणी बघत नसताना, एखाद्या पोराकडे नको. वाजव."

मग त्यानं बाह्या वर सारल्या, पाय रोवले आणि पळी उगारली. असा वाजवला त्यानं ताल की रस्त्यावरची माणसं दचकली. शनिवारचा ताल, आमच्या आईच्या पळीवर, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असा. आणि वाजवता वाजवता डाव्या हातानं सुतळी पाण्यात सोडली.

ओपलनं डोकं उचललं. आमच्याकडे वळवलं. हॉलिस थांबला नाही. ती काठावरून सरकली आणि पाण्यात आली. तिचं नाक आणि डोळे पाण्यावर दिसत होते, आमच्याकडे रोखलेले. ती तशीच तरंगत राहिली. हॉलिस वाजवत होता. त्याचा श्वास लागला होता, तरी ताल चुकत नव्हता.

मग ती बुडाली. पाण्याखालून रेघ निघाली. कुणीकडे, ते कळेना. मी पायाखाली बघत होते, कठड्याखाली, जिथं ती यायची.

"तिकडे," टोबायस म्हणाला.

तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, जितकं लांब जाता येतं तितक्या लांब, वेतांपाशी पिवळा बिल्ला वर आला, हलला आणि आत गेला.

हॉलिसनं आणखी थोडा वेळ वाजवलं. खात्याच्या बाईंनी "पुरे, साहेब" म्हटलं तेव्हा तो थांबला. टोबायसनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. रस्त्यावर टाळ्या वाजल्या, मिसेस क्लिंगरच्या सगळ्यात मोठ्यानं. मी रडत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

विनी धावत पुलावर आली. कठड्याच्या फटीतून तिनं वेतांकडे निरखून पाहिलं.

"आजोबा, ती आली नाही. तिला आपण आता आवडत नाही का?"

हॉलिस सुतळी गुंडाळत होता. त्यानं ती शेवटपर्यंत गुंडाळली, शिशाचा गोळा मुठीत धरला.

"नाही, बाळा," तो म्हणाला. "आता नाही आवडत."

मग त्यानं बादली सरळ केली, तिच्यात सुतळी टाकली आणि पळी माझ्याकडे न देता स्वतःच्या खिशात ठेवली. "भरती लागली असेल," तो म्हणाला. "चला, खाडीवर पोरं वाट बघत असतील."